निळ्या बाटलीचं बूच

माळ्यावर सापडलेली निळी बाटली मी तांदूळ आणि व्हिनेगर घालून खळखळून धुतली आणि खिडकीत, माझ्या जुन्या रंगीत बाटल्यांच्या रांगेत, मधोमध ठेवली.

सासूबाईंनी ती उचलून नाकाशी धरली. मग पुन्हा धरली.

“धुतलीस होय?”

“हो आई. तळाशी काहीतरी तपकिरी वाळलं होतं. आता बघा कशी चमकतेय.”

“यांचं वाळ्याचं अत्तर होतं गं. हे गेल्यावर तेवढा वासच राहिला होता.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर माफी तरी मागता आली असती.

“बूच कुठंय?”

रिकाम्या बाटलीला बूच कशाला, ते कळेना. मी खाली खेळणाऱ्या लेकीकडे बोट दाखवलं. “हिनं घेतलंय. सकाळपासून सोडतच नाहीये.”

गुडघ्यांवर हात टेकत त्या तिच्यापाशी खाली बसल्या. काचेच्या बुचाचा वास घेतला, मग तिच्या चिकट तळव्याचा. तो तळवा बराच वेळ नाकाशीच राहिला. लेक खिदळू लागली.

मी सवयीनं ओला रुमाल घेऊन पुढे झाले.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “आज हिचे हात धुऊ नकोस.”