प्रा-सात

साईनाथशेठचं म्हणणं होतं की मैदान तपासायला येणाऱ्या परदेशी बाईंचं स्वागत लेझीमनेच व्हायला हवं. त्यांनी शाळेच्या चाळीस मुली उन्हात उभ्या केल्या होत्या. शाल-श्रीफळ आणलं होतं. मैदानाच्या फाटकावर भला मोठा फ्लेक्स लावला होता, त्यावर शेठसकट सत्तावीस चेहरे होते. प्राचीने मोजले होते. फुटबॉल एकच होता, तोही कोपऱ्यात, अर्धा कापलेला.

“शेठ, त्या गवत बघायला येतायत,” ती म्हणाली.

“बघू द्या की, मॅडम. गवत काय पळून जातंय?”

शेठ अध्यक्ष असलेल्या खालापूरच्या स्वागत समितीला उत्तरं देणं प्राचीने केव्हाच सोडलं होतं. मुलींच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेला चाळीस दिवस उरले होते. चार देशांचे संघ कर्जतच्या रिसॉर्टवर उतरणार होते आणि इथे, जुनी भातखाचरं सपाट करून केलेल्या या मैदानावर सराव करणार होते. समितीची गेली बैठक दोन तास चालली. विषय होता ब्लेझरचा रंग. त्यातही एकमत झालं नाही.

प्राचीला स्पर्धेतून एकच गोष्ट हवी होती. मैदानावरचं गवत तिचं होतं. नऊ वर्षं प्रयोगशाळेत खपून तिने ही जात तयार केली होती आणि तिला स्वतःच्या नावातलं अक्षर दिलं होतं, प्रा-सात. आज हे मैदान पसंत पडलं की अंतिम सामन्याच्या स्टेडियमवरही प्रा-सातच लागणार होती. नाहीतर गवत बाहेरच्या देशातून येणार होतं आणि तिची नऊ वर्षं एका फायलीत बंद होणार होती.

सुरुवात वाईट झाली होती, हे खरं. लावल्यावर पंधरा दिवसांत गवत पिवळं पडलं. आजूबाजूच्या बांधांवरची रानटी हरळी आत घुसायला लागली. तेव्हा तिने वाडीवरच्या आठ बायका बेणणीला लावल्या. दर पावसाळ्यात भातातलं तण काढण्यात त्यांचा जन्म गेलेला. तण उपटायला शास्त्र लागत नाही, असं प्राचीचं मत होतं. सुनंदा त्यांची मुकादम. तिला प्रश्न फार. पहिल्याच दिवशी ती दोन मुठींत दोन तऱ्हेचं गवत घेऊन समोर येऊन उभी राहिली, तेव्हा प्राची पुण्याला फोनवर बोलत होती. तिने हातानेच जा, कामाला लाग, अशी खूण केली.

त्यानंतरचे दोन महिने तिने मैदान पुण्यातूनच पाहिलं, लॅपटॉपवर. जमिनीतला ओलावा, ड्रोनचे फोटो, हिरवळीची टक्केवारी. चाळीस. सदुसष्ट. शहाण्णव. तिने मध्ये खतांचं प्रमाण बदललं होतं, त्याचाच हा परिणाम. त्यावर तिने एक शोधनिबंधही लिहायला घेतला. साईनाथशेठ मात्र फोन करून सांगत राहिले, की त्यांनी बोअरवेलची पूजा घातली म्हणून गवताने धरलं. ती फोन बाजूला ठेवून त्यांना बोलू देई.

बाई आल्या. पासष्टीच्या, उंच, पायात मळके बूट. लेझीम संपेपर्यंत त्या शांतपणे उभ्या राहिल्या, शाल घेतली, नारळ ड्रायव्हरकडे दिला आणि सरळ मैदानात गेल्या. तासभर त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरल्या. जागोजाग चेंडू टाकून उसळी मोजली. टाच रुतवून पाहिली. मधोमध गुडघ्यांवर बसून त्यांनी गवत मुठीत धरलं आणि जोरात ओढलं. ते निघालं नाही.

दोन महिन्यांत त्यांनी सहा मैदानं पाहिली होती. ज्याला मैदान म्हणावं असं हे पहिलंच, असं त्या म्हणाल्या. प्राचीने शेठसाठी त्याचं मराठी केलं नाही, पण त्यांना चेहऱ्यावरून कळलं असावं.

“माती आमची हाय ना,” ते म्हणाले.

प्राची हसली. यांची माती, यांची पूजा, यांचे सत्तावीस चेहरे.

प्रा-सातच्या माहितीपत्रकात लिहिलंय त्यापेक्षा पान जरा रुंद का वाटतं, असं बाईंनी विचारलं. कोकणातल्या दमट हवेचा परिणाम, प्राचीने सांगितलं. बाईंनी ते टिपून घेतलं आणि एक कागद पुढे केला. या मैदानावरचं गवत संपूर्णपणे प्रा-सात आहे, अन्य काहीही नाही, असं त्यात होतं. माहिती खोटी निघाल्यास ही जात आणि ती देणारी व्यक्ती, दोघंही कायमची बाद. प्राचीने सही केली. मग बाईंनी तीन ठिकाणांहून तळहाताएवढं गवत मातीसकट कापलं. जनुकीय तपासणीचा नियमच होता. पिशव्यांची तोंडं प्राचीने स्वतः उघडून धरली. मोहरा लागल्या, गाडी द्रुतगती मार्गाकडे निघून गेली.

शेठ फोटोसाठी लेझीमच्या मुलींना रांगेत लावत होते. प्राची गोलपोस्टपाशी एकटी उभी राहिली. आज तिला सुनंदाशीही दोन शब्द बोलावेसे वाटले. तिने तिला हाक मारली. काम बरं केलंत, म्हणाली. आता मोठ्या स्टेडियमसाठी याच गवताची रोपं लागतील, चार टेंपो तरी, जमेल का, असं विचारलं.

सुनंदाने मागे उभ्या असलेल्या बेणणीवाल्या बुधीकडे पाहिलं. “ऐकलंस का गं? चार टेंपो म्हणतायत ताई.”

दोघी हसल्या.

“चार कशाला, ताई, धा भरून देऊ,” सुनंदा म्हणाली. “हरळी काय, बांधाबांधावर पडलीय. पोरी पळणार म्हटल्यावर पायाखाली टिकंल असंच लावलं आमी, भाताच्या आवणीसारकं, काडी काडी करून. तुमचं ते पिवळं तर पयल्याच बेणणीत उपटून म्हशींना घातलं.”