चोरवाट

"इतकी वर्षं तुम्ही तो आवाज ऐकत होतात आणि कुणाला बोलला नाहीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

टेलरमास्तरांची बायको पलंगाला धरून उभी होती. नवऱ्याच्या छातीवर डोकं टेकलं की धडधडीमागे बारीक सूंऽऽ ऐकू यायचं, शेजारच्या खोलीत नळ किंचित उघडा राहावा तसं. लग्नापासून तिला त्या आवाजावरच झोप लागायची.

"मला वाटलं, सगळ्यांची छाती अशीच वाजते," ती म्हणाली. "ताडून बघायला दुसऱ्या कुणाच्या छातीला कान लावणार होते का मी?"

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. मास्तर हसायलाही भीत होते. उजवा पाय हलवायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. सकाळीच त्यांच्या जांघेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेली होती. हृदयाच्या एका धमनीला जन्मापासून चोरवाट होती; हृदयाच्या वाट्याचं रक्त तिथून परस्पर पळायचं. त्या वाटेत तारेचं इवलंसं वेटोळं बसवून ती बुजवली होती. मशीनच्या पडद्यावर तरी बुजलेली दिसत होती. झिरपत राहिली, तर मात्र छाती उघडावी लागणार होती.

डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप कानाला लावला, तशी बायको पुढे झाली. "आधी मी ऐकू?"

त्यांनी स्टेथोस्कोप तिच्यापुढे धरला.

"हे नको. मला त्यातलं काय कळतंय!"

तिने पदर सावरला, वाकली आणि मास्तरांच्या छातीला कान लावला. श्वास रोखून ऐकत राहिली. मग एकदम ओरडली, "गेला! अहो, गेला!"

पडद्याबाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंनी हंबरडा फोडला. पडदा ओढून त्या आत धावल्या, तर मुलगा टकामका बघत होता.

"आई, आवाज गेला," मास्तर म्हणाले. "मी आहे अजून."

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. डॉक्टरीणबाईंनी स्वतः ऐकलं, दोनदा ऐकलं आणि मान डोलावली. "छाती उघडायला नको आता."

डॉक्टरीणबाई गेल्यावर बायकोने पुन्हा कान टेकला. आत नुसती धडधड होती. तिचे डोळे भरून आले.

"आता काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"गप्प राहा हो जरा. ओळख होऊ दे."