गुणपट्टी

कोणत्या औषधाने किती गुण आला ते दाखवणारी मनगटावरची गुणपट्टी वाचून वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक दिनकर पोंक्षे मोठ्याने हसले.

"शालन, बघ! आतड्यातली गाठ आणखी दोन मिलिमीटर आटली. गुण कुणाचा? गोळी अठ्ठ्याऐंशी टक्के आणि माझं हळद-अश्वगंधेचं चूर्ण फक्त बारा!"

"अहो, मग बरंच आहे की."

"कसलं बरं? पट्टी गोळीच्याच कंपनीची. आपल्याच मालाचं नाव घेणार. म्हणून मी तिची परीक्षाच घेतली. वीस दिवस झाले, गोळी पोटात नाही, या कुंडीत जातेय. खातोय ते नुसतं चूर्ण. पकडली की नाही चोरी?"

शालनताईंनी कुंडीकडे पाहिलं नाही. पहिल्याच दिवशी पाणी घालताना त्यांना मातीत गोळी दिसली होती. तेव्हापासून डॉक्टरांना विचारून त्या रोज एक नवी गोळी चूर्णात खलत होत्या.

"खोटारडी!" पोंक्षे पट्टी सोडवू लागले. "आता ही फेकूनच देतो."

"द्या फेकून," चमचा पुढे करत त्या म्हणाल्या. "चूर्ण तेवढं चुकवू नका."

"हल्ली जरा कडूच लागतं गं."

"तुम्हीच लावलेली अश्वगंधा ना? मग तिच्यावर कसली शंका घेता?"

पोंक्ष्यांनी निमूटपणे आ केला.