आलोच

"आता बघा आबा. बोट लावायचा अवकाश, फोटो हजर."

यशोधराने फोन वडिलांच्या हातात दिला. रतनआबांनी पान वर सरकवलं. देहूरोड डेपोच्या फाटकापाशी सायकल धरून उभे असलेले ते स्वतः. घोरावाडी स्टेशनच्या बाकावर लाल रिबिनी बांधलेली यशोधरा, शेजारी दात पडलेला तिचा भाऊ सुरज. उन्हात पापड राखत बसलेली पोरांची आई.

शेवटचा फोटो यायच्या आत आबांनी फोन पालथा घातला.

"लय पळतंय हे."

"पळायलाच हवं!"

घरच्या जुन्या फोटोंचं हे पान सुरजने आबांच्या निवृत्तीला बनवलं होतं. त्याची पद्धत अशी, की फोटो समोर येईल तेव्हाच तो मागवायचा. लेझी लोडिंग. यशोधराही पुण्यात हेच काम करायची. भावाच्या कामाला तिने हात लावला नव्हता. पानाच्या शेवटी त्याचाच एक फोटो जोडला होता, आणि आता वर स्वतःच्या कोडच्या काही ओळी चढवल्या होत्या. त्यामुळे घरच्या वायफायवर सगळे फोटो आधीच फोनमध्ये उतरून बसत.

"लेझी पद्धत त्यालाच शोभते," ती हसली. "दुकानात पाठवला की 'आलोच' म्हणायचा आणि जेवणं उरकल्यावर उगवायचा."

आबा हसले नाहीत. "त्याला इचारलंस, बदलायच्या आधी?"

यशोधरा उगाच चार्जरची वायर गुंडाळत बसली.

रोज संध्याकाळी आबा फोन घेऊन वराळ्याच्या टेकडीमागच्या विहिरीवर जात. तिथे रेंजची जेमतेम एक काडी. पान वेगवान झालं आणि त्यांचं जाणंच बंद पडलं. फोन टीव्हीशेजारी पडून राहू लागला. ताटातली भाकरीही अर्धी उरू लागली.

शेवटी रविवारी ते म्हणाले, "यशे, पयल्यासारखं कर."

"अहो, तिथे एकेका फोटोची वाट बघत बसावं लागेल."

"व्हय. बसंन की."

तिने आपल्या ओळी काढल्या, फोनमध्ये साठलेलं सगळं पुसलं आणि त्यांच्याबरोबर विहिरीवर गेली.

कठड्यावर बसून आबांनी पान उघडलं. चौकट रिकामीच आली. मग तिच्यात बारीक अक्षरं उमटली : 'थांबा की आबा. आलोच. – सुरज.'

घरच्या वायफायवर ही अक्षरं यशोधराला कधी दिसलीच नव्हती.

"प्रत्येक फोटोला हेच येतं?" तिने हळूच विचारलं.

"परत्येक. बोलू नगं आता."

सायकल आली, बाक आला, पापड आले. मग शेवटची चौकट. अक्षरं उमटली. आबा ओठ हलवत वाचत राहिले, पुन्हा पुन्हा. बऱ्याच वेळाने फोटो वरून खाली उतरू लागला. आधी भिंत दिसली, मग खिळा.

झेंडूच्या हाराचा दोरा दिसताच आबांनी डेटा बंद केला.