मालिकेतले आजोबा

शुक्रवारच्या भागात दिग्दर्शकाने मालिकेतल्या आजोबांना मारून टाकलं आणि त्याच्या सख्ख्या आईने त्याच्याशी बोलणंच टाकलं. रविवारी तो तिच्या घरी जाऊन विनवू लागला, "अगं, खोटं असतं ते. तो नट चांगला ठणठणीत आहे."

"आठ वर्षं रोज साडेसातला यायचे ते माझ्याकडे," आई फणकारली. "तू कधी आलास?"

हे मात्र त्याच्या वर्मी लागलं. सोमवारी चालू शूटिंग सहायकाच्या गळ्यात मारून त्याने साडेसातच्या ठोक्याला आईचं घर गाठलं, तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि तिचा हात हातात घेतला. "आई, आता मी रोज येणार."

 

"येत जा रे राजा," आई मान वाकडी करत म्हणाली, "पण आधी टीव्हीसमोरून ऊठ. ते परत जिवंत होतात का बघू दे."