गॅरेजमधलं लँडिंग

क्वीन्सटाऊनच्या विमानतळावर विमान उतरवायच्या ठरावीक मार्गाने वर्षभर माझा जीव खाल्ला होता. प्रत्येक बिंदूवर नेमून दिलेली उंची गाठायची. एक चुकली की समोर डोंगर.

“आज कुठला डोंगर फोडणार?” हेडफोनमध्ये टेविटा खिदळला. ऑकलंडला घरी बसून तो ऑनलाइन माझा कंट्रोल टॉवर बनायचा.

त्या दुपारी मात्र गॅरेजमधल्या माझ्या प्लायवूडच्या सिम्युलेटरमध्ये मी एकेक बिंदू अचूक गाठला. पडद्यावर धावपट्टी आली आणि चाकं अलगद टेकली.

“जिंकलास, लेका!” टेविटा ओरडला.

मी दोन्ही हात उंचावले. मागून टाळ्यांचा कडकडाट झाला.

“घरी एवढी माणसं?” टेविटाने विचारलं.

माझ्या खुर्चीमागे वॉशिंग मशीन आहे, आणि लगेच भिंत.

टाळ्या ओसरल्या. मग मागे सीटबेल्ट सुटू लागले, एकामागून एक.