तळघराचा पत्ता

बर्फाच्या वादळाने अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरातली वीज गेली आणि घरं गारठली. मर्ल टॅकेटचं छोटं रेडिओ केंद्र तेवढं जनरेटरवर चालू होतं. "सरकारच्या भरवशावर राहू नका. अन्न साठवा आणि साठा कुठे आहे ते कुणालाही सांगू नका," असं रोज बजावणाऱ्या मर्लने आज माइकवरून स्वतःच्याच तळघराचा पत्ता सांगून टाकला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" बायको वॅनेटा ओरडली. "माझ्या सख्ख्या बहिणीला कळू दिलं नव्हतंस!"

"मग आज तिलाही बोलाव." मर्ल पुन्हा माइककडे वळला. "आणि महामार्गावर अडकलेल्या सरकारी माणसांनो, तुम्ही माझा कार्यक्रम चोरून ऐकता, ठाऊक आहे मला. या. सूप गरम आहे. तुम्ही आल्याशिवाय आम्ही जेवणाआधीची प्रार्थना म्हणणार नाही."